पाठांतर नाही, परीक्षा नाही : लहान मुलांना कॅथलिक धर्म शिकवणारी ‘एट्रियम’ पद्धत नेमकी काय आहे?

कॉन्व्हेंटमध्ये शिकला असाल तर मॉरल सायन्सचा तास आठवत असेल. त्याच वेळी वर्गातली काही कॅथलिक मुलं उठून दुसऱ्या खोलीत जायची. ती जायची कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला. ही विभागणी कुणाच्या मर्जीवर नव्हती. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. आपल्याकडे हे धर्मशिक्षण चर्चमध्ये रविवारच्या वर्गातही होतं.

त्या खोलीत काय चालायचं? बहुतेक वेळा प्रश्नोत्तरं. शिक्षकाने प्रश्न विचारायचा, मुलांनी एका सुरात ठरलेलं उत्तर द्यायचं.

ही रीत जुनी आहे. 1542 मध्ये गोव्यात आलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटी घेऊन रस्त्याने फिरत, मुलं गोळा करत आणि त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घेत. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचं कोकणी धर्मशिक्षणाचं पुस्तक 1622 मध्ये छापलं गेलं. तेही संवादाच्या, म्हणजे प्रश्नोत्तरांच्याच स्वरूपात आहे. पुस्तकं महाग, वाचता येणारे थोडे, अशा काळात पाठांतर हाच खात्रीचा उपाय होता. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रथम कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं. आधी अनेक ठिकाणी मुलांना दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबावं लागे. आता प्रश्न आला : सात वर्षांच्या मुलाला हे सगळं समजणार कसं? मोठ्यांसाठीची वाक्यं छोटी करून दिली की झालं, असं अनेकांनी मानलं. मारिया माँटेसरींना मात्र ते पटलं नाही.

बार्सिलोनातलं शेत

माँटेसरी म्हटलं की आपल्याला ताराबाई मोडक आणि बालवाडी आठवते. खुद्द माँटेसरी कॅथलिक होत्या, हे फारसं बोललं जात नाही. 1915 च्या सुमारास स्पेनमधल्या बार्सिलोनात त्यांनी आपली पद्धत धर्मशिक्षणाला लावून पाहिली. मुलांनी गहू पेरला, द्राक्षाचे वेल लावले. मिस्सेमध्ये लागणारी भाकर आणि द्राक्षारस कुठून येतो, हे आधी हाताला कळावं म्हणून! या खोलीला त्यांनी ‘एट्रियम’ नाव दिलं. प्राचीन चर्चच्या दाराशी असलेल्या चौकाचं हे नाव.

रोममधलं घर

पुढचं काम दोन बायकांनी केलं. सोफिया कावालेत्ती या हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या अभ्यासक. लहान मुलांना शिकवण्याचा त्यांचा काहीच बेत नव्हता. 1954 मध्ये एका ओळखीच्या बाईंनी गळ घातली, म्हणून त्यांनी एका सात वर्षांच्या मुलाला बायबल वाचून दाखवलं. दोन तास गेले. निघायची वेळ झाली तेव्हा जायचं नाही म्हणून त्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माँटेसरी शिक्षिका जियाना गोब्बी यांना सोबत घेऊन त्यांनी रोममधल्या आपल्या घरातच खोली मांडली. या पद्धतीला पुढे ‘उत्तम मेंढपाळाचं धर्मशिक्षण’ असं नाव मिळालं.

वर्गात काय असतं?

वयोगट तीन : 3 ते 6, 6 ते 9 आणि 9 ते 12. बाकं नाहीत. मुलांच्या उंचीची कपाटं, त्यांत बहुतेक शिक्षकांनी स्वतः बनवलेलं साहित्य.

सगळ्यात आधी येतो मेंढपाळ. लाकडाचा एक मेंढपाळ, काही मेंढरं आणि कुंपणाचा वाडा. योहानाच्या शुभवर्तमानातला दाखला वाचायचा : मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो आणि पुढे चालतो. वाचता वाचता लाकडी मेंढरं हलवायची. मग प्रश्न विचारायचे, पण उत्तरं द्यायची नाहीत. ‘ही मेंढरं म्हणजे कोण बरं असतील?’ शिक्षकाने ‘ती तुम्हीच’ असं सांगून टाकायचं नाही, हा इथला सगळ्यात कडक नियम. मूल कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी स्वतःच ते ओळखतं. तेवढा धीर मोठ्यांना धरवत नाही, हीच खरी अडचण.

छोटी वेदी असते, छोटा चषक असतो. द्राक्षारसात पाण्याचे थेंब मिसळण्याची कृती मूल स्वतः करून बघतं. चर्चच्या वर्षाची रंगीत चकती असते : आगमनकाळ आणि उपवासकाळ जांभळा, नाताळ आणि पास्काकाळ पांढरा, पेन्टेकॉस्ट लाल, बाकीचा काळ हिरवा. मोहरीचा दाखला शिकवताना बोटावर खरा दाणा ठेवतात, आपल्या फोडणीच्या डब्यातल्या बारीक मोहरीएवढा.

‘दयाळू शोमरोनी’सारखे वागणुकीचे दाखले मात्र सहा वर्षांनंतर. कावालेत्तींचं म्हणणं असं की लहान मुलाला आधी आपल्यावर कुणाचं तरी प्रेम आहे हे हवं असतं. ‘कसं वागावं’ हा प्रश्न त्याला नंतर पडतो. आपल्याकडे बहुतेक धर्मांच्या संस्कारवर्गांत याच्या उलट होतं, नियम आधी.

मग सगळीकडे का नाही?

कारणं साधी आहेत. वेगळी खोली लागते, शिक्षकांना दीर्घ प्रशिक्षण लागतं आणि एका वेळी थोडीच मुलं घेता येतात. रविवारी मिस्सा झाल्यावर एकाच हॉलमध्ये पन्नास मुलं बसवणाऱ्या धर्मग्रामाला हे जड जातं. आक्षेपही आहेत. मुलाला मेंढपाळ कळला, पण दहा आज्ञा आणि प्रार्थना पाठ नसतील तर पुढे काय, असं पालक विचारतात. ही शंका अगदीच चुकीची नाही. या वर्गांत प्रार्थना आणि संस्कार शिकवतातच, फक्त ते किती ‘आलं’ हे मोजत नाहीत.

अमेरिकेत एपिस्कोपल चर्चचे जेरोम बेरीमन यांनी यावरूनच ‘गॉडली प्ले’ ही पद्धत तयार केली, त्यामुळे कॅथलिक नसलेल्या चर्चमध्येही आज अशा लाकडी मेंढरांच्या पेट्या दिसतात.