चौदा की सोळा?

मी मराठीचा मास्तर. विज्ञानाशी संबंध आला तो परीक्षेत सुपरव्हिजन करण्यापुरता. तरी गेले काही महिने मी सीडीचा इतिहास वाचतो आहे. का, ते शेवटी सांगतो.

१९७९ साली हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या कंपन्या सीडीचे नियम ठरवायला एकत्र आल्या. आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा असे ठरले. माणसाचा कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त लागते. नेमका हाच आकडा आला तो व्हिडिओ टेपमुळे, कारण तेव्हा आकड्यांतला आवाज साठवायला तीच टेप वापरत.

खरा वाद होता प्रत्येक मोजणी किती बारीक असावी याचा. फिलिप्सची चिप १४ बिटांची होती, म्हणजे १६,३८४ पायऱ्यांची. सोनीने १६ बिटांचा आग्रह धरला, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. सोनीचे म्हणणे मान्य झाले.

फिलिप्सने हातची चिप टाकून दिली नाही. तीच चौपट वेगाने, सेकंदाला १,७६,४०० वेळा चालवली. मोजणीतल्या चुकांची खरखर त्यामुळे कानाच्या टप्प्याबाहेर ढकलता आली आणि १४ बिटांतून जवळजवळ १६ बिटांचे काम निघाले. सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानात विक्रीला आला. त्यात चिप १६ बिटांची, पण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच! ती आळीपाळीने काम करी, म्हणून एक बाजू सेकंदाच्या सुमारे नव्वद हजाराव्या भागाइतकी मागे राही. फिलिप्सची युक्ती पुढे इतरांनीही उचलली. नुसत्या मोठ्या आकड्याने भागत नाही, आहे त्यातून काय राखायचे हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवावे लागते.

आता कारण. १९८४ साली आमच्या हिने घरी भीमपलास गायला होता, मिरजेच्या तंबोऱ्यावर. मी तो कॅसेटवर घेतला होता. ती गेल्यावर एका दुकानात ती कॅसेट एमपीथ्री करायला दिली. दुकानदाराने जागा वाचावी म्हणून सर्वांत लहान फाइल केली आणि कॅसेट त्याच्याकडेच गहाळ झाली. एमपीथ्री कानाला जाणवणार नाही असे वाटते ते गाळते. फाइल फार लहान केली की जाणवणारेही गळते. तिचा आवाज आहे, शब्द कळतात. पण तंबोऱ्याची जवारी गेली. घोड्यावर तारेखाली दोरा सरकवत ती किती वेळ ती जुळवत बसायची! वरचे बारीक स्वर त्या दोऱ्यातूनच उमलतात.

दुकानदाराला काय दोष देऊ? किती बारीक मोजायचे, हे त्याने मला विचारले नाही आणि मलाही ते विचारायचे असते हे ठाऊक नव्हते. तुमच्या कपाटात अशी एखादी कॅसेट असेल तर मोठी फाइल करा, आणि मूळ कॅसेट हातची सोडू नका.