घर पर्यटकांना भाड्याने देताय? दायित्व विम्याचे नियम आधी पाहा

घरातली एखादी खोली किंवा रिकामा फ्लॅट दोन-चार रात्रींसाठी पर्यटकांना देणं, हा आता अनेक कुटुंबांचा जोडधंदा झाला आहे. अलिबाग, मुरुड, दापोलीत तो चालतोच. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले आपले काही नातेवाईकही तो करतात. भाडं किती मिळेल, हे सगळेच विचारतात. पण पाहुणा जिन्यावरून पडला तर दवाखान्याचा खर्च आणि नुकसानभरपाई कोण देणार, हे फार थोडे विचारतात. असा एकच दावा आयुष्याची कमाई खाऊन टाकू शकतो. म्हणूनच परदेशात अनेक ठिकाणी यजमानाला दायित्व विमा सक्तीचा आहे.

दायित्व विमा म्हणजे काय?

गाडीचा थर्ड पार्टी विमा आपल्याला माहीत आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई तो विमा देतो. दायित्व विमा तसाच, फक्त घरासाठी. आपलं टीव्ही-फर्निचर फुटलं तर तो वेगळा विषय; इथे प्रश्न पाहुण्याला किंवा शेजाऱ्याला झालेल्या नुकसानीचा आहे.

कुठे काय नियम?

सॅन फ्रान्सिस्को: इथे किमान 5 लाख डॉलरचा दायित्व विमा लागतो. शिवाय यजमानाने वर्षातले किमान 275 दिवस त्याच घरात राहायला हवं.

बोस्टन: इथे मॅसॅच्युसेट्स राज्याचा कायदा लागू होतो. त्यानुसार 2019 पासून किमान 10 लाख डॉलरचा विमा हवा. त्यात इमारतीतले इतर भाडेकरू आणि मालक यांच्या नुकसानीचाही समावेश असावा लागतो. घराचा नेहमीचा विमा अशा वेळी कदाचित उपयोगी पडणार नाही, ही सूचना यजमानाला देणं बुकिंग प्लॅटफॉर्मवर बंधनकारक आहे.

सिअ‍ॅटल: वॉशिंग्टन राज्याच्या 2019 च्या कायद्याप्रमाणे इथेही रक्कम किमान 10 लाख डॉलर आहे.

एडिनबरा, ग्लासगो: स्कॉटलंडमध्ये 1 ऑक्टोबर 2022 पासून नवीन यजमानाला आधी परवाना घ्यावा लागतो. इमारतीचा विमा आणि सार्वजनिक दायित्व विमा, दोन्ही चालू असणं ही परवान्याची सक्तीची अट आहे. या अटीत ठरावीक रक्कम दिलेली नाही, त्यामुळे ती विचारपूर्वक ठरवावी लागते. विनापरवाना धंदा केल्यास 2,500 पाउंडपर्यंत दंड होऊ शकतो.

‘प्लॅटफॉर्मचा विमा आहे ना!’

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. एअरबीएनबी यजमानांना 10 लाख डॉलरपर्यंत दायित्व विमा देते. वर सांगितलेल्या तिन्ही अमेरिकी शहरांत प्लॅटफॉर्मचा तेवढा किंवा जास्त विमा असेल, तर वेगळी पॉलिसी घ्यायची सक्ती नाही. पण हे संरक्षण त्या प्लॅटफॉर्मवरून झालेल्या बुकिंगपुरतंच असतं. पुढच्या वर्षी तोच पाहुणा व्हॉट्सअ‍ॅपवर थेट बोलून आला आणि कमिशन वाचवलं, तर त्या मुक्कामाला प्लॅटफॉर्मचा विमा नाही. थोडे पैसे वाचतात, जोखीम मात्र पूर्ण आपल्या अंगावर येते.

आपल्याकडे काय?

भारतात 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे, पण तो घातक रसायनं हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे, होमस्टेसाठी नाही. याचा अर्थ जिम्मेदारी नाही, असा नव्हे. पैसे देऊन राहणारा पाहुणा ग्राहक असतो आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. सैल कठडा, उघडी विहीर, गळका गॅस यांची दुरुस्ती विम्याच्याही आधी करायला हवी.

पॉलिसी घेण्यापूर्वी हे विचारा:

1. भाड्याने दिलेल्या दिवसांतही माझ्या घराचा विमा लागू राहतो का? उत्तर लेखीच घ्या.
2. थेट बुकिंगचा पाहुणा त्यात येतो का?
3. शेजाऱ्याच्या घरात पाणी झिरपलं किंवा आग पसरली तर भरपाई मिळते का?
4. पोहण्याचा तलाव, पाळीव जनावरं यांसारख्या गोष्टी वगळल्या आहेत का?
5. घर आपलं नसेल, तर मालकाची किंवा सोसायटीची परवानगी आहे का?

विम्याबद्दल शरीअतच्या दृष्टीने मनात शंका असेल, तर ती आपल्या भरवशाच्या उलमांना विचारावी. आम्ही इथे फक्त कायद्याची बाजू मांडली आहे. नियम आणि रकमा बदलत राहतात, म्हणून घर ज्या शहरात आहे तिथल्या परवाना कार्यालयाकडून ताजी माहिती घेऊनच पहिलं बुकिंग स्वीकारा. मेहमान घरात आल्यावर पॉलिसी वाचायला बसण्यात काही अर्थ नाही.