श्रोणितल भौतिकोपचार

ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे काम व्यायाम, सवयींतील बदल आणि उपकरणे यांच्या साहाय्याने सुधारणारी फिजिओथेरपीची शाखा. खोकताना-शिंकताना लघवी होणे, लघवी न धरवणे, ‘अंग बाहेर येणे’, शौचावर ताबा नसणे आणि ओटीपोटातील जुनाट दुखणे यांवर स्त्री-पुरुष दोघांनाही तिचा उपयोग होतो.

रचना व कार्य : पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना खालून आधार देतात. एरवी मूत्रमार्ग व गुदद्वार आवळून धरणे आणि विसर्जनाच्या वेळी सैल होणे, ही दोन्ही कामे त्यांचीच. त्यामुळे दोषही दोन प्रकारचे असतात : स्नायू दुबळे पडणे किंवा सतत ताठर राहणे.

कारणे : बाळंतपण, विशेषतः लांबलेली किंवा चिमटा लावून केलेली प्रसूती, रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, लठ्ठपणा आणि जड ओझी ही मुख्य कारणे होत. पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी ठिबकण्याची तक्रार अनेकदा उद्भवते.

तपासणी व उपचार : रुग्णाची हकीकत, तीन दिवसांची लघवीची नोंदवही आणि संमतीने केलेली स्नायूंची तपासणी यांवरून उपचार ठरतो. स्नायूंची ताकद 0 ते 5 या श्रेणीत मोजतात. दुबळ्या स्नायूंसाठी वायू रोखल्याप्रमाणे तळ आत-वर ओढून धरायचा आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचा. पोट व मांड्या ताणायच्या नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. एका वेळी किमान 8 आकुंचने, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने देखरेखीखाली करावीत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे. खोकण्यापूर्वी किंवा ओझे उचलण्यापूर्वी तळ आवळण्याची सवयही लावतात. लघवीची धार मध्येच थांबवणे हा मात्र रोजचा व्यायाम नव्हे. ताठर स्नायूंना आवळण्याच्या व्यायामाने त्रास वाढू शकतो. तेथे पोटाने श्वास घेणे व स्नायू सैल सोडणे शिकवतात. लघवीतून रक्त, लघवी अचानक अडणे, जांघेत बधिरपणा किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाल्यास आधी डॉक्टरांना दाखवावे.

इतिहास : अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये या व्यायामांची पद्धतशीर मांडणी केली; म्हणून या व्यायामांना केगेल व्यायाम म्हणतात. हठयोगातील मूलबंधाची क्रिया या व्यायामांशी मिळतीजुळती आहे. मुंबईत 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. त्याच शहरात स्त्रीरोगतज्ज्ञ विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी अंग बाहेर येण्यावर शस्त्रक्रियेची पद्धत विकसित केली. खाली उतरलेल्या गर्भाशयासाठी ती आजही वापरली जाते. सौम्य अवस्थेत मात्र व्यायाम आधी करून पाहणे उचित.

ग्रामीण महाराष्ट्र : डॉक्टर दांपत्य राणी व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी तपासणी झालेल्या केवळ 8 टक्के होत्या. हा अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मोठ्या संख्येने गर्भपिशव्या काढल्याचे उघड झाल्यावर 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पिशवी काढल्याने दुबळे स्नायू बळकट होत नाहीत, हे प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रियेआधी कळले पाहिजे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव आणि शेजारचा दौंड तालुका घोड-भीमेच्या ऊसपट्ट्यात मोडतात. तेथे चाऱ्याचे भारे, पाण्याचे हंडे आणि हंगामात उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या बायकांना, तसेच प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर संकोचाने गप्प राहणाऱ्या पुरुषांना या उपचाराची गरज आहे. त्याला महागडी साधने लागत नाहीत. शिकवणारा प्रशिक्षित हात आणि नियमित पाठपुरावा लागतो. बाळंतपणानंतरच्या गृहभेटींत आशा कार्यकर्त्या व एएनएम (परिचारिका) यांनी ‘लघवी धरवते का?’ एवढा एक प्रश्न विचारून गरजूंना फिजिओथेरपिस्टकडे पाठवले, तरी उपचार वेळेत सुरू होऊ शकतो.