शत्रूच्या लेकरांसाठी झोळी

मदतसंस्थेत निधी गोळा करणारे दुय्यम आणि प्रत्यक्ष काम करणारे मुख्य, अशी आपली समजूत असते. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेचा इतिहास ती खोडून काढतो. पहिले महायुद्ध थांबले तरी ब्रिटनची नाकेबंदी चालूच होती आणि जर्मनी-ऑस्ट्रियातली मुले उपाशी होती. त्यांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनमध्ये वाटल्याबद्दल 1919मध्ये एग्लंटाइन जेब यांना पाच पौंड दंड झाला. तेवढी रक्कम सरकारी वकिलानेच त्यांना दिली. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या सभेत त्यांची ही संस्था उभी राहिली. शत्रूच्या मुलासाठी पैसे मागायचे, तर मूल कोणाचाच शत्रू नसते हे आधी पटवावे लागे. म्हणजे झोळी पसरणे हाच विचारप्रसार होता.

यावर आक्षेप रास्त आहे: हाडे दिसणारी छायाचित्रे दात्याला द्रवायला लावतात, पण मुलाला केवळ दयेचा विषय करतात. 1921च्या रशियन दुष्काळात तर संस्थेने वृत्तपत्रीय जाहिराती आणि चित्रपटही वापरले. तरीही जेब तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी 1923मध्ये बालहक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि 1924मध्ये राष्ट्रसंघाने तो स्वीकारला. दयेने जमवलेल्या पैशाला हक्काची भाषा मिळाली. दया कायम अपुरीच असते. पण हक्काच्या मागणीसाठी लोक जमवायला सुरुवात तिच्यापासूनच झाली.