सामत्यापासून कॉर्डलेस ड्रिलपर्यंत

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालें कीं काल्हेर लागतें. खाडीकांठचें हें गांव आतां गोदामांचें झालें आहे, आणि गोदामांशेजारीं नव्या इमारती उठल्या आहेत. तेथील बिऱ्हाडकरूस पडद्याची दांडी किंवा फळी बसवावयाची झाली म्हणजे एखादें स्वस्त कॉर्डलेस ड्रिल घ्यावेंसें वाटतें. कोणतें घ्यावें, हें या हत्याराचा इतिहासच बरा सांगतो.

सुताराचा सामता आपणांपैकीं वडील मंडळींनीं पाहिला असेल. दांड्याला दोरीचा वेढा, दोरी कमानीला बांधलेली. कमान पुढेंमागें ओढली कीं दांडा फिरे व टोंक लांकडांत शिरे. फिरवून भोंक पाडण्याची युक्ति फार जुनी. बलुचिस्तानांतील मेहरगड येथें सुमारें ७५०० ते ९००० वर्षांपूर्वींच्या माणसांच्या दाढांतसुद्धां तशीं भोंकें आढळलीं आहेत! पाथरवट मात्र दगडाला छिन्नी-हातोडाच लावतो. हा भेद ध्यानांत असूं द्यावा.

१८९५ सालीं स्टुटगार्टच्या फाइन कारखान्यानें हातीं धरण्याजोगें विजेचें ड्रिल केलें. ब्लॅक व डेकर या अमेरिकन जोडीला पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलचें पेटंट १९१७ सालीं मिळालें, आणि त्यांच्याच कंपनीनें १९६१ सालीं बॅटरीचें ड्रिल बाजारांत आणलें. वायर सुटली, पण जोर उणावला. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, बारा व्होल्टांस दहा सेल लागत. लिथियमचा सेल ३.६ व्होल्टचा. तो १९९१ सालीं विक्रीस आला व २००५ च्या सुमारास या हत्यारांत शिरला.

येथें मास्तरकीच्या संवयीनें थोडें गणित करतों. पांच सेलांचे व्होल्ट होतात अठरा. पण नुकत्याच भरलेल्या सेलाचे चार धरून खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ छापतात. तीन सेलांचे १०.८, त्यांचे ‘१२ मॅक्स’ होतात. ‘वीस’ पाहून ‘अठरा’हून जास्त पैसे मोजूं नयेत.

लांकूड, स्क्रू व विटेची भिंत यांना बारा व्होल्टांचें साधें यंत्र पुरतें. पण खिडकीवरील तुळई काँक्रीटची असते, आणि हल्लींच्या कित्येक उंच इमारतींत तर भिंतीही काँक्रीटच्याच. तेथें नुसतें फिरणें व्यर्थ. पाथरवटाप्रमाणें ठोके हवेत. स्वस्त कॉर्डलेसचे ठोके तेथें दुबळे पडतात. अशा घरीं त्याच पैशांत वायरचें हॅमर ड्रिल घ्यावें, हें माझें स्पष्ट मत. शोभा कमी, काम अधिक.

विटेच्या घरासाठीं कॉर्डलेसच घ्यावयाचें तर बॅटरी निघणारी असावी, आणि तशीच दुसरी सुटी मिळते काय, हें दुकानदारास आधीं विचारावें. यंत्राआधीं बॅटरीच म्हातारी होते; ती आंतच जखडलेली असेल तर चांगली मोटारही भंगारांत जाते. जुनी बॅटरी केरांत टाकूं नये. २०२२ च्या नियमांनीं ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली आहे.