शाईची परीक्षा कागदावर

एकाच बाटलीतली निळी शाई, एकच पेन, लिहिणारा हातही तोच. समोर दोन कागद आहेत, एक स्वस्त वहीचा आणि दुसरा बाँड पेपर. वहीच्या पानावर अक्षराच्या काठांना बारीक तंतू फुटतात, रेघ जाडावते, रंग मळकट दिसतो आणि पान उलटले की मागे ठिपके उमटलेले असतात. बाँड कागदावर तीच रेघ बारीक आणि रेखीव उतरते, जिथे संपते तिथे थोडी गडद होते. आता ही शाई चांगली की वाईट? नुसत्या शाईविषयी विचारलेल्या या प्रश्नाला उत्तर नाही. शाई, निब आणि कागद या तिघांना एकत्र धरून विचारले तरच उत्तर मिळते, आणि त्यातही कागदाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच मोठा असतो. पुढची प्रकरणे वाचताना ही एक गोष्ट मनाशी असावी.

या विषयात बहुतेक जण रंगाच्या ओढीने येतात. कुणाला शाळेतला निळा पुन्हा हवा असतो, कुणाला मोरपंखी किंवा जांभळा खुणावतो. त्या ओढीने येणाऱ्या प्रत्येकाचे इथे स्वागत आहे. रसायनशास्त्राची पदवी लागत नाही, महागडी पेने लागत नाहीत. साधे शाईपेन, एक बाटली, निरनिराळे चार कागद आणि एक भिंग एवढ्यावर सुरुवात होते. लागते ती मात्र एक सवय: जे दिसले ते त्याच दिवशी, त्याच कागदावर, शेजारी लिहून ठेवण्याची.

फाउंटन पेनची शाई म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात विरघळलेला रंग असतो, निब लगेच वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे द्रव्य असते, बुरशी धरू नये म्हणून एखादे रोधक असते आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे थोडेसे द्रव्य असते. शाई किती सहज वाहील हे बरेचसे या शेवटच्या घटकावर ठरते. लिहिणारे लोक त्यावरूनच एखादीला ‘ओली’ शाई म्हणतात, एखादीला ‘कोरडी’. निबखालच्या जिभेतल्या बारीक खाचेतून शाई केशाकर्षणाने खाली येते आणि तिची जागा घ्यायला हवा वर टाकीत चढते. लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत ज्या जिभेचे पेटंट घेतले, तिने ही देवाणघेवाण भरवशाची केली. निब कागदाला टेकली की दुसरी ओढ सुरू होते. कागदाच्या तंतूंमधल्या फटीही केशनलिकाच असतात आणि त्या शाईला स्वतःकडे खेचतात. जीभ शाईला किती धरून ठेवते आणि कागद किती जोराने ओढतो, या दोहोंच्या मधे आपले अक्षर घडते. म्हणून ओल्या पेनात कोरडी शाई आणि कोरड्या पेनात ओली शाई घालून पाहावी, हा अनुभवी लोकांचा सल्ला अगदी योग्य आहे.

आता कागद. लगद्यापासून केलेला कोरा, अप्रक्रियित कागद टीपकागदासारखाच वागतो. त्यावर शाईने लिहिता येत नाही. तो लिहिण्याजोगा होतो तो खळीमुळे. आपल्याकडच्या कागदी कारागिरांना हे पक्के माहीत होते. जुन्नरचा कागद आणि दौलताबादी कागद मराठेशाहीच्या दफ्तरांतून वापरला गेला. दौलताबादजवळचे कागजीपुरा आजही हातकागदाचे गाव म्हणून ओळखले जाते. जुने दोर, गोणपाट, चिंध्या कुटून केलेल्या लगद्याचा ताव काढायचा, वाळवायचा, त्याला पिठाची खळ लावायची आणि मग गुळगुळीत दगडाने घोट-घोट घोटायचा. खळीने तंतूंमधल्या फटी बुजतात, घोटण्याने पृष्ठभाग दाबला जाऊन चकाकतो. अशा कागदावर बोरू अडत नाही आणि शाई आत न मुरता वर बसते. हस्तलिखितांत शेकडो वर्षांपूर्वीची रेघ आजही धारदार दिसते, त्याचे श्रेय शाईइतकेच या घोटणाऱ्या हातांना आहे. शाईच्या कृती जुन्या ग्रंथांतून सापडतात, त्यांचे कौतुकही होते. कागद घोटणाऱ्यांकडे तेवढे लक्ष गेले नाही. या अभ्यासाने ती उणीव भरून काढावी असे मला मनापासून वाटते.

युरोपात हेच काम जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या जिलेटिनने होत असे. पुढे कागदाची यंत्रे आली. मोरित्स इलिग या जर्मन कारागिराने १८०७ साली राळ आणि तुरटी थेट लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. रीत स्वस्त होती आणि यंत्राला सोयीची होती, पण तुरटीमुळे कागदात आम्ल राहते. गेल्या शतकातली कितीतरी पुस्तके पिवळी पडली, घडीवर तुटू लागली, त्याचे एक मोठे कारण हेच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्लरहित खळींचा वापर वाढला आणि आजचा बराचसा चांगला लिहिण्याचा कागद त्याच मार्गाने होतो.

दुकानात कागद निवडताना आपण जाडी पाहतो, जीएसएम विचारतो. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम. शाईच्या बाबतीत हा आकडा फारसे काही सांगत नाही. जपानमधल्या तोमोएगावा कंपनीचा ‘तोमोए रिव्हर’ हा कागद अवघा ५२ जीएसएमचा, बोटांत धरला तर पतंगाच्या कागदाची आठवण यावी इतका पातळ. तरीही त्यावर शाई फुटत नाही आणि मागेही उमटत नाही. फक्त पलीकडची अक्षरे सावलीसारखी दिसतात. त्याचे उत्पादन २०२१ मध्ये सॅन्झेन या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि जुन्या-नव्या तावांतला फरक शोधत जगभरचे लोक भिंगे घेऊन बसले. उलट, छपाईच्या यंत्रासाठी केलेला चांगला जाडजूड कागदही निबखाली निराशा करू शकतो, कारण तो ओल्या शाईचा विचार करून केलेलाच नसतो. फ्रान्समधल्या क्लेअरफॉन्तेन गिरणीचा ९० जीएसएमचा गुळगुळीत कागद असो, की आपल्याकडे वकील-कारकुनांच्या टेबलावर दिसणारा एक्झिक्युटिव्ह बाँड असो, त्यांचा गुण वजनात नसून खळीत आणि पृष्ठभागात असतो. आपल्या बाँड कागदाला या विषयात मिळतो त्याहून अधिक मान मिळायला हवा. स्टेशनरीच्या कुठल्याही बऱ्या दुकानात तो सुट्या तावांत मिळतो आणि शिकाऊ माणसाला सुटे तावच उपयोगी पडतात.

शायांचा इतिहास मोठा आहे, पण प्रस्तावनेपुरत्या तीन घराण्यांची ओळख पुरे. पहिले काजळाचे. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात तासन्‌तास खलून केलेली ही शाई उन्हाने उडत नाही, कारण कार्बनवर प्रकाशाचा परिणाम होत नाही. ती कागदाच्या वर बसते, म्हणून ओल्या बोटाने पुसताही येते. फाउंटन पेनमध्ये मात्र ती घालू नये, जीभ तुंबते. चित्रकलेच्या शायांचेही तसेच. आजच्या काही पेनशायांत कार्बनचे अतिसूक्ष्म कण असतात, त्या पेनसाठीच केलेल्या असतात, आणि तरीही पेन वरचेवर धुवावे लागते.

दुसरे घराणे लोखंडाचे. मायफळ किंवा हिरडा यांतले टॅनिन आणि हिराकस एकत्र आले की फिकट द्रव तयार होतो, कागदावर हवेतल्या ऑक्सिजनने तो काळा पडत जातो आणि तंतूंतच घट्ट रुतून बसतो. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून त्यात निळा रंग घालण्याची युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ साली अशी निळी-काळी शाई बाजारात आणली. निळे लिहिलेले काही तासांनी, काही दिवसांनी काळे होत जाताना पाहणे हा या विषयातला सर्वांत समाधान देणारा प्रयोग आहे. दस्तऐवजांसाठी ही शाई शतकानुशतके वापरली गेली. आम्ल जास्त झाले तर मात्र तीच कागद खाते.

तिसरे घराणे कृत्रिम रंगांचे. १८५६ साली विल्यम पर्किन या तरुणाच्या हाती डांबरातून जांभळा रंग लागला आणि त्यानंतर रंगांची पेठच उघडली. आजच्या बाटल्यांतल्या बहुतेक शाया याच वंशाच्या. भारतात स्वदेशीच्या काळात या उद्योगाने मूळ धरले. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, पाठोपाठ ‘कॅमल’ शाई आणली, आणि त्यातून कॅमलिन उभी राहिली. २०११ मध्ये त्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला तो जपानच्या कोकुयोने, म्हणजे वह्यांसाठी नावाजलेल्या कंपनीने. बंगालमध्ये १९३४ साली राजशाहीला ‘सुलेखा’ सुरू झाली. मधे तिचे उत्पादन बराच काळ बंद पडले आणि २०२० मध्ये तिच्या शाया पुन्हा बाजारात आल्या. या बाटल्या आजही थोड्या पैशांत मिळतात. परदेशी बाटलीआधी या लावून पाहाव्यात.

हल्ली रंगापेक्षा चकाकीची चर्चा अधिक होते. निळ्या अक्षरावर तिरक्या उजेडात लालसर, तांबूस झाक दिसते, ती रंग पृष्ठभागावर दाट साठून वाळल्याने. कागदाने शाई शोषलीच तर ही झाक दिसत नाही. ती सुंदर असते, यात शंका नाही. पण जी शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते तिला रोजच्या लिहिण्याची शाई म्हणता येणार नाही. रेघेतला गडद-फिकटपणा हा मला अधिक मोलाचा गुण वाटतो. त्यातून हाताचा वेग दिसतो, कुठे थांबला, कुठे धावला हे कळते. कापसाच्या काडीने रंगाचा पट्टा ओढून केलेली परीक्षा यातले काहीच सांगत नाही. काडी निबेपेक्षा कितीतरी जास्त शाई सोडते.

मराठी लिहिणाऱ्याला या अभ्यासात स्वतःची भर घालता येईल अशी जागा म्हणजे देवनागरी. शायांच्या परीक्षा बहुधा रोमन अक्षरांवर होतात. आपण शब्द लिहून झाल्यावर त्यावर शिरोरेषा ओढतो, म्हणजे निब नुकत्याच लिहिलेल्या, ओल्या उभ्या रेघांच्या माथ्यावरून फिरते. शाई सावकाश वाळणारी असेल तर प्रत्येक सांध्यावर ठिपका साचतो, फरफटतो. शाई थोडी जरी फुटली तरी ‘ष’चे पोट भरून जाते, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ओळखू येत नाहीत, अनुस्वार रेघेला चिकटतो. मोडीची गोष्ट निराळी: तिथे आधी सबंध ओळीवर रेघ आखून मग तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत, हात कमीत कमी उचलत. बोरू, घोटीव कागद आणि काजळाची शाई यांच्यासोबतच ती लिपी समजून घ्यायला हवी. आपल्या परीक्षेच्या वाक्यात ‘लक्ष’, ‘षष्ठी’, ‘ऱ्हस्व’, ‘संध्याकाळ’ असे शब्द असावेत आणि ते नेहमीच्या वेगाने लिहावेत, सुबक काढून नव्हे. डावखुऱ्या माणसाने आपले पान वेगळे ठेवावे, त्याचा तळहात ओल्या अक्षरांवरून जातो.

बाकीच्या परीक्षा सोप्या आहेत. वाळायला किती वेळ लागतो ते पाच-पाच सेकंदांनी बोट फिरवून पाहायचे. वाळलेल्या ओळीवर पाण्याचा थेंब टाकून, मिनिटभराने टीपकागदाने उचलायचा. लिहिलेल्या पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून ती खिडकीत उन्हात ठेवायची. पुष्कळशा गुलाबी आणि लाल शाया किती लवकर उडतात ते महिन्याभरात समजते. टीपकागदाच्या पट्टीवर शाईची रेघ ओढून खालचे टोक पाण्यात बुडवले की काळ्या शाईतून निळा, पिवळा, तांबडा वेगळे होऊन वर चढतात. शाईत बोरू किंवा टाक बुडवायचा असेल तर ती आधी छोट्या दौतीत काढून घ्यावी, बाटलीत थेट बुडवू नये.

प्रत्येक पानावर पेन, निब, शाई, कागद आणि तारीख लिहावी. तारीख महत्त्वाची, कारण कागद हवेतला ओलावा घेतो. मुंबईत किंवा कोकणात आषाढ-श्रावणात दमट झालेला कागद शाईला अधिक ओढतो, अक्षर अधिक फुटते, वाळायलाही वेळ लागतो. परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचे हे एक साधे कारण. तेव्हा एकाच कागदावर, एकाच शाईने एक पान वैशाखात लिहावे आणि दुसरे श्रावणात, दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली पाहावीत. पहिले प्रकरण कागदातल्या ओलाव्यावरच आहे.