पाळकाचा संसार आणि मराठीचा कोश

भोर-वेल्ह्याच्या मुलखात इतिहास म्हटला, की नजर आपसूक रोहिड्याकडे, राजगडाकडे, तोरण्याकडे वळते. ते योग्यच आहे. परंतु या मुलखाला दुसरीही एक ओळख आहे. हे पंतसचिवांचे संस्थान. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतील दप्तरावर नजर ठेवणारा प्रधान. तेव्हा गडांइतकाच मान येथे मोडीतील कागदालाही असला पाहिजे. म्हणूनच आज मी तलवारीची नव्हे, लेखणीची गोष्ट सांगणार आहे. ज्या मोडीत आपल्या वाडवडिलांच्या सनदा लिहिल्या गेल्या, त्याच मोडीचे ठसे पाडून १८१० साली एक मराठी शब्दकोश छापला गेला. तो पुण्यात नव्हे, मुंबईतही नव्हे; दूर बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपुरास. तो रचणारा मनुष्य महाराष्ट्रात कधी राहिला नव्हता. तो बॅप्टिस्ट पंथाचा पाळक होता, आणि त्याचे नाव विल्यम केरी.

केरींचा जन्म १७६१ चा. इंग्लंडातल्या एका खेड्यात त्यांनी चांभारकाम शिकून पोट भरले. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकले, आणि पुढे मोल्टन व लेस्टर येथे पाळक झाले. १७८१ साली त्यांचे डोरोथी प्लॅकेट हिच्याशी लग्न झाले. लग्नाच्या नोंदवहीत वराने सही केली. वधूने फुली काढली, कारण तिला लिहिता येत नव्हते. पुढे ज्याने अनेक भाषांची व्याकरणे लिहिली, त्याच्या घरची ही पहिली लेखी खूण, हे आपण ध्यानात ठेवू.

बॅप्टिस्ट म्हणजे काय, हेही दोन शब्दांत सांगतो. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणे या पंथाला मान्य नाही. मनुष्य समजता झाला, त्याने आपल्या मुखाने श्रद्धा कबूल केली, की मगच त्याला पाण्यात बुडवून दीक्षा द्यायची. बापाचा धर्म मुलाला वारशाने मिळत नाही. तो ज्याचा त्याने पत्करायचा असतो. तत्त्व मोठे खरे. पण हाच न्याय घरातल्या बायकोला लावला गेला काय? येथे या चरित्राची खरी कसोटी लागते.

१७९३ साली केरींनी हिंदुस्थानात जाण्याचे ठरवले, तेव्हा डोरोथीने साफ नकार दिला. तिचे दिवस भरत आले होते. खेड्याबाहेरचे जगही तिने फारसे पाहिले नव्हते. जहाजाची पहिली खेप हुकली, दरम्यान ती बाळंत झाली, पुन्हा मनधरणी झाली. तेव्हा बहिणीला सोबत घेऊन ती कशीबशी निघाली. नोव्हेंबरात कलकत्ता आले. पुढच्याच वर्षी मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर, हिवतापाच्या मुलखात, पीटर नावाचा पाच वर्षांचा मुलगा दगावला. त्याची खाच खणायलाही माणसे मिळेनात. त्या घावानंतर डोरोथीचे मन ढळले ते पुन्हा थाऱ्यावर आले नाही. ती नवऱ्यावर नाही नाही ते संशय घेई, ओरडे, अंगावर धावून जाई. केरींनी तिला घरातच ठेवले, आणि शेजारच्या खोलीत बसून भाषांतरे केली.

१८०० साली ते श्रीरामपुरास आले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचे होते, म्हणून कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना असलेला विरोध तेथे चालत नसे. त्या वर्षाच्या २८ डिसेंबरला हुगळीच्या घाटावर केरींनी दोघांना दीक्षा दिली. एक कृष्ण पाल नावाचा बंगाली सुतार, आणि दुसरा त्यांचा स्वतःचा मुलगा फेलिक्स. बापाच्या आयुष्यातील हा धन्य दिवस. पण त्याच वेळी त्या मुलाची आई जवळच बंद खोलीत होती. सोहळा आणि शोक एकाच अंगणात नांदत होते.

मराठी या घरात शिरली ती राजकारणाच्या वाटेने. १८०२ साली वसईचा तह झाला, १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी युद्ध झाले. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठीची गरज भासू लागली. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी आधीच बंगाली शिकवीत होते. १८०४ पासून मराठीही शिकवू लागले. त्यांना लाभले ते वैजनाथ शर्मा नावाचे पंडित. दोघांच्या बैठकीतून १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली कोश आणि १८११ साली नव्या कराराचे मराठी भाषांतर बाहेर पडले. मराठी भाषेची छापील घडण येथून सुरू झाली. पुढे १८३१ साली मोल्सवर्थचा कोश निघाला आणि केरींचा मागे पडला, हे खरे. पण पुढच्याची वाट सोपी होते ती आधी कुणी तरी पाऊल टाकलेले असते म्हणून.

डोरोथी मात्र १८०७ च्या डिसेंबरातच वारली. जो कोश पूर्ण होण्यापूर्वी ती गेली, त्याचे एक पानही तिला वाचता आले नसते.

केरींनी पुढे दोन लग्ने केली, आणि ती सुखाची झाली. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला, तेथे नाव उलटून बायकोमुलांना मुकला, परत येऊन बापाच्या कामाला लागला आणि १८२२ साली बापाआधी गेला. १८२९ साली सतीबंदीचा हुकूम निघाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर केरींकडे आले. विधवा स्त्रीचा एक दिवसही फुकट जाऊ नये म्हणून त्यांनी रविवारची उपासना दुसऱ्यावर सोपवली आणि लेखणी हाती घेतली. १८३४ साली ते निवर्तले.

तर हा मनुष्य श्रद्धेला वाहिलेला होता यात शंका नाही. कुटुंबाला वाहिलेला होता काय? परक्या विधवांसाठी एक दिवसही न दवडणाऱ्या या पाळकाने आपल्या पत्नीचा नकार मात्र पुरता ऐकला नव्हता. त्यांनी तिला टाकले नाही, हे त्यांच्या बाजूचे. तिला तिच्या मनाविरुद्ध आणले, हे त्यांच्या विरुद्धचे. दोन्ही पारडी इतिहासाने दाखवावीत.

सचिवाचे काम कागद तपासून मगच त्यावर खूण करण्याचे. आपणही तेच करू. मराठीच्या पहिल्या छापील कोशावर केरींचे नाव आहे. त्याच्याशेजारी वैजनाथ पंडितांचे नाव लिहू, आणि खाली, नोंदवहीतल्यासारखी, डोरोथीची एक फुली काढू.